पाय ओढणं आणि मान वळवणं

सांगलीत, विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी रोहूच्या पिल्लांची एक काचेची टाकी आहे. सर काचेवर टिचकी मारून दाखवायचे. पिल्लू क्षणात कमानीसारखं वाकायचं आणि टिचकीपासून लांब पळायचं. मेंदूच्या मागच्या भागात दोन मोठ्या पेशी असतात. एकीला धक्का कळला की ती विरुद्ध बाजूच्या स्नायूंना आवळायला लावते, असं ते सांगायचे. मला त्यापुढचं जास्त लक्षात राहिलं. पोहण्याचा डावा-उजवा ताल मज्जारज्जूतच तयार होतो. मेंदू बहुतेक 'सुरू कर', 'थांब' एवढंच सांगतो. म्हणून मासळी बाजारात मुंडकं कापलेली वामसुद्धा टोपलीत वळवळते. तिला दुखत असतं असं नाही. दुखणं कळायला मेंदू लागतो.

घरी कुणाला सांगावं असं यात काही आहे, असं मला वाटलं नव्हतं.

एका शनिवारी रहिमतपूरला घरी गेले तर आमची गाय गोठ्यात आडवी पडलेली. तिचं पहिलंच वेत. वासरू मोठं होतं, चौघांनी मिळून ओढून काढलं होतं. वासरू ठणठणीत होतं, गाय मात्र उठेना. एकदा तिनं प्रयत्न केला, तेव्हा ओल्या कोब्यावर मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ती पोटावर आदळली. ती चार दिवसांची असताना तिची आई मेली होती. माझ्या आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

शेजारी राहणारे चुलते गोठ्याच्या दारात उभे होते. "कंबर मोडली हिची. वैनी, आता आशा सोडा."

"डॉक्टर तरी येऊ द्यात की," आई म्हणाली. डॉक्टर दुसऱ्या गावात अडकले होते, संध्याकाळी येणार होते.

आईला तेवढा दम धरवेना. ती खाली बसली आणि गाईच्या मागच्या पायाच्या दोन खुरांमधली कातडी तिनं जोरात चिमटली. पाय आखडला.

"वढला! बघितलंसा का भावजी? कंबर मोडली असती तर वढला असता व्हय?"

मला वाम आठवली. मज्जारज्जू मध्येच तुटला तरी खालचा भाग आपल्या आपण पाय ओढतो. हे आत्ता बोलावं का, ते समजेना. आईचा चेहरा नुकताच उजळला होता. पण गप्प बसणंही बरोबर वाटेना.

"आई, नुसता पाय ओढला म्हणून... म्हणजे, तेवढ्यावरनं काही सांगता येत नाही. मुंडकं कापलेला मासापण हलतो."

चुलते हसले. "घ्या! पोरगी मासं शिकून आली आन् जित्ती गाय मारून टाकली."

"जरा चांगलं बोल की गं," आई म्हणाली.

मी कानकोंडी झाले. पण माझं अर्धंच सांगून झालं होतं. "तसं नाही. परत चिमट. या वेळी पायाकडं बघू नको, तोंडाकडं बघ. चिमटा मेंदूपर्यंत पोचला तर तिला कळेल. कणा तुटला असेल तर पाय हलेल, पण तिला पत्ता लागणार नाही."

आईनं पुन्हा चिमटलं. पाय आखडला, आणि गाईनं मान गर्रकन मागं वळवली. आईकडं बघून ती हंबरली.

"कळलं गं तिला," आई हळूच म्हणाली.

"आता बरी झाली की पयली लाथ तुमास्नीच घालंल बगा," चुलते म्हणाले, आणि ताडपत्री आणायला गेले.

डॉक्टरांनीही आल्यावर तसंच चिमटून पाहिलं. कणा शाबूत होता. वासरू बाहेर येताना कमरेच्या हाडांमध्ये एक नस दबली होती, त्यामुळं मांड्या आत ओढून धरणाऱ्या स्नायूंना निरोप पोचत नव्हता. दबलेली नस बहुधा सावरते, पण मी शब्द देत नाही, असं ते म्हणाले. मागच्या दोन पायांत हातभर अंतर ठेवून त्यांनी मऊ दावं बांधलं. मग आम्ही सगळ्यांनी तिला ताडपत्रीवरून ओढत बाहेर मातीवर नेलं, खाली उसाच्या पाचटाचा जाड थर घातला. आई वेळोवेळी तिची कूस बदलत राहिली. नसेनं करायचं काम तेवढ्यापुरतं दावं करत होतं.

रविवारी संध्याकाळी मी सांगलीला परतले. आठवड्यात आईचा रोज फोन यायचा आणि रोज तेच. उठायला बघते, बसते. मीही रोज 'उठेल' म्हणायचे नाही, 'बघू' म्हणायचे.

मग एका दुपारी प्रॅक्टिकलच्या आधी फोन आला. "उठली गं! पाय लय लटलटत्यात, पर उभी हाय. वासराला चाटतीया." मग आईनं विचारलं, "दावं सोडू का?"

आमच्या घरात असं काही मला कुणी विचारलेलं नव्हतं. टाकीतल्या पिल्लांकडं बघत मी म्हणाले, "नको. अजून पाय दाव्यानंच धरलेत. पण तू डॉक्टरांना विचार."

"त्यास्नी कवाच इचारलं. त्ये बी हेच म्हनलं," आई म्हणाली. "तरी म्हनलं, तुला इचारावं."