भट्टीमागची कोमट भिंत

आमच्या घरात दाराला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि असले अनुभव सांगणाऱ्यांची आजवर चेष्टाच केली. तरी हे लिहिते आहे... कारण जे झालं ते भर दुपारी झालं, आणि मी एकटी नव्हते.

तीर्थपुरीपासून थोडं आत, रस्त्यालगत आमचं जुनं घर आहे. काळा दगड, चुन्याचे सांधे, वर मातीचं माळवद. निजामाच्या काळात तिथे बेकरी होती म्हणतात. मागच्या खोलीत विटांची घुमटासारखी भट्टी अजून शाबूत आहे. शाळा सोडून जालन्यात घरून बिस्किटं विकायला लागले, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच — ही भट्टी पुन्हा पेटवायची.

पण पेटवली की सगळा धूर उलटा घरात! धुराडंच सापडेना. माळवदावर चढलो, भिंती ठोकून बघितल्या, काही नाही. माझे थोरले दीर, दादा, आधीपासून म्हणत होते की घर पाडून दुकानांचे गाळे काढू. पुन्हा एकदा खोली काळी झाल्यावर मिस्टरांनीही माझी बाजू सोडली. काही आठवड्यांनी दादांनी दुसऱ्या दिवशीचा जेसीबी सांगून टाकला.

त्या दुपारी मी आणि थोरल्या जाऊबाई, अक्का, सामान काढायला गेलो. भट्टी कितीतरी दिवस बंद, आत राखसुद्धा नव्हती. मी परात उचलत होते, तर थप्... थप्... ओल्या मैद्याचा गोळा फळीवर आपटावा तसा आवाज. एका लयीत. वळून बघते तर अक्का माझ्याकडेच बघून राह्यल्या.

"तू करून राह्यली का ते?" त्यांनी हळूच विचारलं.

आवाज भट्टीशेजारच्या भिंतीतून येत होता. मी हात लावला — कोमट! हात वर सरकवला तर ऊब एका पट्ट्यात तिरपी वर गेलेली, पट्ट्याबाहेर भिंत गार. अक्कांनीही हात लावून बघितला. माझे पाय दाराकडे ओढत होते. अक्का म्हणाल्या, "कोळसा घे. भिंत गार व्हायच्या आत आखून ठेव."

रेघा मारून झाल्या आणि आवाज थांबला. थोड्या वेळानं भिंतही गार.

संध्याकाळी आम्ही हे घरी सांगितलं, तर दादा हसले. तेव्हा, आजवर त्यांच्यापुढे कधी शब्द न काढलेल्या अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आधी ही भिंत फोडा. मंग घर पाडा."

सकाळी मिस्टरांनी स्वतः छिन्नी-हातोडा घेतला. गिलावा पडला आणि मागे विटांनी बुजवलेलं धुराडं निघालं, आमच्या दोन रेघांच्या बराबर मधोमध! वरचं तोंड माळवदाच्या मातीखाली गाडलेलं होतं. सगळं मोकळं करून भट्टी पेटवली, तर धूर सरळ आभाळात. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. जेसीबीवाला पहिल्या घाण्यातला पाव खाऊन, मशीन घेऊन परत गेला. दादांनी त्याला थांब म्हटलं नाही.

आज आमचा पाव शहागडच्या हॉटेलांत जातो, जुन्या जालन्यात जातो. बेकरीच्या पाटीवर नाव अक्कांचं आहे.

कुणी म्हणतं, भिंत उन्हानं तापली असेल. पण ती घराच्या आतली भिंत, तिच्यावर ऊन येतच नाही. उंदीर म्हणावं, तर उंदीर असा लयीत कणीक आपटतो का? मी खूप डोकं लावलं. परवा दादांनीच विचारलं, "भिंतीत कोण होतं मंग?"

विज्ञानाची बाई असून मला एवढंच म्हणता आलं, "म्हाईत न्हाई, दादा."