पाण्यात उभा एमेस्सी

शिकलेल्या माणसाने पुढे आयुष्यात जे जे करू नये म्हणून आईबाप बजावत असतात, ते सगळं माझ्या एका वर्गमित्राने केलं आणि एवढं करून तो माझ्यापेक्षा मजेत राहिला. पहिल्या गोष्टीबद्दल मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. दुसरी मात्र पंधरा वर्षं झाली तरी माझ्या घशाखाली उतरत नाही. आमच्या एमेस्सीच्या तुकडीत आम्ही अकरा जण होतो. विषय प्राणिशास्त्र. शिक्षण संपल्यावर कोणी औषधं विकायला लागला, कोणी विमा. एकजण वनखात्यात गेला आणि जीपमधून फिरू लागला. एकीने गडचिरोलीला शिकवणीचे वर्ग काढले, तिच्याकडे आता उभं राहायला जागा नसते. एकजण अमेरिकेला पोचला, तो दर दिवाळीला नव्या मोटारीला टेकून काढलेला फोटो पाठवतो. मी चंद्रपूरच्या आमच्याच कॉलेजात प्राध्यापक झालो. आणि जो विद्यापीठात पहिला आला, सुवर्णपदक घेऊन आला, तो चंद्रपूरजवळच्या मूल या तालुक्याच्या गावापुढे आठ-दहा मैलांवर आपल्या गावी गेला आणि बापाबरोबर तलावात मासे धरायला लागला. गावात त्याला एमेस्सीभाऊ म्हणतात. दुसरा कोण आला होता, हे तुम्ही विचारलं नाहीत. कोणीच विचारत नाही. मी आलो होतो.

तेव्हा आधीच सांगून टाकतो की मी त्याच्यावर जळतो. उगाच आडपडदा कशाला? माझी बायको तर म्हणते, "तुम्ही मूलकडून आले का दोन दिवस तुम्हाले वरणात मीठच कमी लागते." आता जळायचं ते मासे धरणाऱ्यावर आणि जळणारा कोण, तर पक्क्या नोकरीचा, घरात फ्रीज असलेला माणूस. हे ऐकून लोक हसतील हे मलाही कळतं. पण लोकांनी त्याला दुपारी चारला तलावाच्या पाळीवर बसलेलं पाहिलेलं नाही. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, शेजारी जाळं, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि चेहरा असा की दुनियेत कोणाचं काही देणं-घेणं नाही. त्याच वेळी मी कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून मागच्या तीन वर्षांच्या फायलींना नव्या दोऱ्या बांधत असतो.

त्याच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरुवात करावी? मूलच्या बाजारात तो टोपली घेऊन बसतो तेव्हा गिऱ्हाइकाला माशांची लॅटिन नावं सांगतो. मस्करीत नव्हे, अगदी मनापासून. त्याचं म्हणणं असं की एवढ्या कष्टाने पाठ केलेली नावं घरात ठेवून कुजतील, त्यापेक्षा वापरात राहिलेली बरी. एकदा मी तिथे उभा असताना एक म्हातारी आली, टोपलीतला रोहू उचलून तिने कल्ले उघडून पाहिले आणि नाक मुरडून म्हणाली, "हा लाबिओ कालचा हाय ना रे? ताजा लाबिओ दे, नाई तं मी चालली." माझ्या बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना वर्षभर घोकूनही हे नाव परीक्षेत येत नाही. त्या म्हातारीला सही करता येत नव्हती. मी त्या दिवशी मासे न घेताच परत आलो.

मासे धरायला जाताना तो अंगात फक्त बनियन घालतो, पण त्या बनियनला बायकोकडून एक खिसा शिवून घेतलेला आहे, आणि त्या खिशात पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली एक वही आणि पेन्सिल असते. पाण्यात उभ्या उभ्या तो लिहितो. आज कुठला मासा कुठल्या कोपऱ्यात सापडला, कोणाच्या पोटात अंडी होती, पाणी कुठवर उतरलं. अशा वह्या त्याच्या घरी धानाच्या कोठीवर रचलेल्या आहेत. मी पीएचडी करायला घेतली तेव्हा विषय घेतला त्याच्याच तलावातले मासे. तीन वर्षं तो जाळं टाकायचा, मासा हातात धरून ओळख सांगायचा आणि मी पाळीवर कोरड्या जागी उभा राहून लिहून घ्यायचो. पदवी मला मिळाली. मानाने नेऊन दिलेला प्रबंध त्याने आठवडाभर वाचला आणि समासात अकरा चुका काढून परत दिला. पेन्सिलने का, असं मी विचारलं. म्हणाला, "तुले खोडता यावं म्हनून." त्या अकराच्या अकरा चुका बरोबर होत्या, म्हणजे खरोखरच चुका होत्या. मी त्याच्या खुणा खोडल्या नाहीत, चुका दुरुस्तही केल्या नाहीत. प्रबंध कपाटात मागच्या रांगेत ठेवला.

कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला तेव्हा व्यवस्था माझ्याकडे होती. प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा होता आणि त्यात एक रकाना होता, 'सध्या काय करता?' त्या एका रकान्यासाठी लोकांनी मागच्या पानापर्यंत लिहिलं. अमेरिकेवाल्याने तर जादा कागद मागवला. याने लिहिलं, 'पाण्यात उभा असतो.' खरं सांगतो, त्याला बोलावताना माझ्या मनात थोडं पाप होतं. सगळे कोट घालून येतील, त्यांच्यात हा चपला घालून येईल, मग याला जरा समजेल, असं काहीतरी. झालं भलतंच. जेवणाच्या वेळी सगळा घोळका याच्याभोवती. हा हातवारे करून सांगत होता की गावाने मिळून तलावात माजलेली बेशरमची झाडं मुळासकट कशी उपटली आणि दोन पावसाळ्यांनी मरळ मासळी कशी परत आली. याच बेशरमवर मी परिषदेत निबंध वाचला होता, तेव्हा समोर सहा माणसं होती आणि त्यातले दोघे चहावाले. अमेरिकेवाला हातात थाळी घेऊन ऐकत राहिला, त्याचा फोटोंचा अल्बम पिशवीतच राहिला. त्याचं मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. मी ज्या जागेवर प्राध्यापक आहे त्या जागेच्या मुलाखतीचं पत्र त्यालाही आलं होतं. जागा एकच. मे महिन्यातली दुपार, कॉलेजच्या व्हरांड्यातला बाक, आणि मी फाटकाकडे बघत बसलेलो. तो आला असता तर मुलाखत घेणाऱ्या तिघांनी माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नसतं. मी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोललो, की आज एवढा त्याला येऊ देऊ नको. तो आला नाही. जागा मला मिळाली. दुसऱ्याच दिवशी मी नारळ फोडला. तेव्हापासून वर्गात हजेरी घेताना, पगाराच्या दिवशी, कोणी 'सर' म्हणून वाकून नमस्कार केला की मला वाटतं, ही खुर्ची त्याची आहे, तो फक्त बसायला यायचा राहिला आहे. म्हणून मला त्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदाच, ऐकायचं होतं की तो चुकला. म्हणजे मी सुटलो असतो. दर उन्हाळ्यात मी तेवढ्यासाठी त्याच्या गावी जायचो, आणि दर उन्हाळ्यात तो हसत भेटायचा.

उन्हाळ्यात जायचं कारण म्हणजे त्यांचा तलाव तेव्हा मारतात. पाणी पार खाली गेलं की एक दिवस ठरतो आणि मासेमारीत असलेली सगळी घरं एकदम तलावात उतरतात. सगळे मासे एका जागी जमवतात आणि पाळीवर पळसाची पानं मांडून त्यांचे सारखे ढीग करतात. जितकी घरं तितके ढीग. मग एक माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस न बघता एक नाव घेतो. ज्याचं नाव निघालं, ढीग त्याचा. मोठा मासा कोणाच्या वाट्याला गेला म्हणून भांडण नाही, कुरबुर नाही. हे पाठ करून उभं राहण्याचं काम दर वर्षी माझा मित्रच करायचा. मी पाळीवर बूट घालून बघत असायचो. एकेचाळीस घरांची नावं मला ऐकून ऐकून पाठ झाली होती.

मागच्या उन्हाळ्यात ऊन जास्त होतं की वय, कोण जाणे. मी बूट काढले, पॅंट वर दुमडली आणि तलावात उतरलो. बायका हसल्या. एकीने तर "सरभाऊ, मासे तुमाले नेतीन बरं" असा इशाराही दिला. तासभर जाळं ओढून आम्ही दोघं चिखलात बसलो, आणि मी एका दमात सगळं विचारून टाकलं. त्या दिवशी मुलाखतीला का आला नाहीस? आणि माझ्या नारळाचंही सांगितलं. त्याने चिखलाचा एक गोळा उचलून हातात घेतला. मग म्हणाला, "एकट्यानंच खाल्लं काय बे खोबरं?"

"मस्करी नको करू. काऊन नाई आला, सांग."

"त्या साली बा गेला ना माहा. पाठ करून नावं घ्याचं काम बा करे. गावानं म्हटलं, आता तू उभा राह्य. आन तलाव माराची तारीख नेमकी तेच निघाली." त्याने हातातला चिखल खाली टाकला. "पानी खाली गेलं का मासे मरते. तलाव थांबते काय?"

म्हणजे मी तीन माणसांसमोर तोंड करून बसलो होतो, त्याच घटकेला तो एकेचाळीस घरांकडे पाठ करून उभा होता. माझी निवड तो आला नाही म्हणून झाली. त्याला गावाने बोलावून उभं केलं होतं. मला पुन्हा जळायला झालं. एवढ्यात तो हळूच म्हणाला, "पत्र हाय अजून. कधी कधी काहाडून वाचतो. पोरायसमोर उभं राहून शिकवाव वाटते कधी. वाटते, यवढंच." पंधरा वर्षं ज्या वाक्यासाठी मी खेपा घातल्या ते वाक्य हेच. ते ऐकून मी सुटलो नाही. उलट त्याने ते बोलायला नको होतं असं वाटलं.

तोच उठला. म्हणाला, "चाल, आज तू उभा राह्य. नावं तं तुले पाठच हायेत."

मी पाठ करून उभा राहिलो. समोर उतरलेलं पाणी आणि पलीकडे जंगल. मागून त्याचा आवाज यायचा, "हा कोनाचा?" आणि मी एकेक नाव घेत जायचो. त्याचं नाव मध्येच कुठेतरी बाराव्या-तेराव्या ढिगाला घेतलं. एकेचाळीस नावं संपली. मी वळणार तेवढ्यात पुन्हा आवाज आला, "हा कोनाचा?"

"नावं संपली."

"ढीग नाई संपले. आज पाय भिजले ना तुहे? मंग तुहाच."

मी वळलो. सवय जाता जात नाही, आधी नजर त्याच्याच ढिगाकडे गेली. माझ्या पानावर झिंगे आणि दोन बोटभर रोहू होते. त्याच्या ढिगात हातभर लांबीची मरळ होती, अख्ख्या तलावातली सगळ्यांत मोठी. आणि ती त्याला मीच दिली होती, पाठ करून, न बघता. त्याने मला नोकरी दिली होती तशीच.

संध्याकाळच्या बसने मी चंद्रपूरला परतलो. बायकोने ते झिंगे केले, आणि मीठ बरोबर होतं.