सीमेवरचं बॅरिअर

दुबईतल्या जबल अली बंदराच्या गेटवर सिक्युरिटीवाला रोज माझा तोच पास उलटसुलट बघतो, मग बॅरिअर वर जातं. उन्हात तापलेल्या बॅरिअरच्या रंगाचा वास आला की जर्मनीतले माझे म्हातारे घरमालक आठवतात.

मी तिथे शिकत असताना त्यांनी मला गाडीतून फ्रान्सला नेलं होतं. सीमेवर मी सवयीने पासपोर्ट हातात धरला, तर चौकी रिकामी.

"कुणाला दाखवतोस?" ते हसले. "महायुद्धानंतर आम्हा पोरांना युरोप एक करायचा होता. इथलं बॅरिअर आम्ही करवतीने कापलं, पोलिसांचा मार खाल्ला." मग मागे बसलेल्या नातीला म्हणाले, "बघ, सीमा गेली." तिने मोबाईलमधून मानही वर केली नाही.

तेव्हा मला तिचा राग आला होता. आता पास पुढे करताना वाटतं, तिला मान वर करावी लागू नये, म्हणूनच तर त्यांनी मार खाल्ला होता.