मामांची मोटार सुधारते

आमच्या हिच्या मामांइतकी मोटारीची दुरुस्ती अख्ख्या झाशीत कोणी केली नसेल, आणि त्यांच्याइतकी नादुरुस्त मोटारही कोणाच्या दारात नसेल. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते मला विचारू नका. नोकरीपायी पुण्याहून इथे आलो, इथल्या जुन्या मराठी घरातली बायको केली, तेव्हापासून मामांच्या बाबतीत माझं डोकं चालेनासं झालंय. कानामागे टेस्टर, बंडीच्या खिशात काळी टेप आणि दारात त्यांच्याहून थोडीच लहान असलेली मोटार. तिच्यात बिघाड झाला की मामा तो काढत नसत, त्याची नीट सोय लावत. हॉर्न गेला, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डखालून दोन वायरी ओढून मामींच्या हाती दिल्या आणि सांगितलं, "समोर म्हैस दिसली की टेकव." वायपर बसला, तेव्हा त्याला सुतळी बांधून एक टोक आपल्या खिडकीतून आत घेतलं, दुसरं मामींच्या. पाऊस लागला की "तू ओढ!" "आधी तुम्ही सोडा!" असा गजर सुरू व्हायचा. डावीकडे वळायचं तर मामींचा बांगड्यांचा हात बाहेर. पेट्रोलचा काटा मेला होता, त्यामुळे तेही खातं मामींकडे. "मोठ गावी लग्नाला गेलो, मग चिरगाँवला वन्संकडे. आता भरा, नाहीतर ढकलायला मी उतरायची नाही!"

मी एकदा म्हटलं, "मामा, एखाद्या मिस्त्रीला दाखवू या का?" त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "जावईबापू, मिस्त्री को क्या पता? त्याला आमची गाडी कुठे माहितेय?"

घरात दोघं जवळजवळ अबोल असत. मुलगा परदेशी. मामा ओसरीवर, मामी टीव्हीपुढे, आणि मध्ये "जेवायला वाढलंय" एवढंच. पण दर शुक्रवारी लक्ष्मी तालावर, म्हणजे तळ्याकाठच्या महालक्ष्मीला जायला मोटारीत बसले, की दोघांना कंठ फुटे. भांडण, हसणं, सगळं तिथेच. मी मागच्या सीटवर बसून ऐकायचो आणि कोण कोणावर रागावलंय ते मला शेवटपर्यंत कळत नसे.

मग दसरा आला. पूजेसाठी मोटार घासताना मामांच्या हाताला बॉनेटखाली एक गंजलेला बोल्ट लागला. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथे लोखंडाला जोडतात, तिथला. मामांनी पूजेची वस्तू म्हणून तो पॉलिश पेपरनं लख्ख केला आणि आवळून बसवला. झालं! हॉर्न वाजला, वायपर फिरला, दिवे लुकलुकले, पेट्रोलचा काटा ताडकन उठला. इतक्या वर्षांचे सगळे आजार त्या एका बोल्टाचे! मामा झेंडूचा हार हातात घेऊन तसेच उभे. "सब ठीक हो गया," ते इतक्या पडेल आवाजात म्हणाले, की अभिनंदन करावं की सांत्वन, मला समजेना.

पुढच्या शुक्रवारी मामी मोटारीत हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतायत, तुम्ही या जाऊन. आता चालतेय ना गाडी एकट्यानं." मग दर शुक्रवारीच गुडघे दुखू लागले. मामा एकटे जाऊन प्रसाद आणत, तो टीव्हीशेजारी ठेवत आणि ओसरीवर जाऊन बसत. घर इतकं शांत झालं, की मला तिथे जायची भीती वाटू लागली.

एका शुक्रवारी दुपारी मामांचा फोन. "जावईबापू, जरा पाना धरायला या." जाऊन पाहतो तर ते तोच बोल्ट ढिला करतायत!

"अहो मामा, गाडी चांगली चालतेय की!"

"चालतेय ना," मामा पान्यावर जोर देत म्हणाले, "पण एकट्यानं कुठवर चालवू?"

पाना सारखा निसटत होता. बोल्ट कसातरी अर्धवट राहिला, आणि जुने बिघाडही परत आले नाहीत. आता हॉर्न दाबला की वायपर हलू लागला आणि वायपर लावला की दिवे मिटू लागले. त्या विचित्र आवाजांनी मामी पदर खोचत बाहेर आल्या. "काय करून ठेवलंत हो? सरका!" गुडघे कुठे गेले कोण जाणे, त्या पुढच्या सीटवर बसून एकेक बटण दाबून पाहू लागल्या.

निघालो. वाटभर मामी ओरडत होत्या, मामा उलट बोलत होते, आणि माझा जीव भांड्यात पडला होता. तालाजवळ आल्यावर मामी म्हणाल्या, "हे सगळं नव्यानं शिकायला मला किती शुक्रवार लागतील, ठाऊक आहे?"

"लागू देत. पुष्कळ आहेत," मामा म्हणाले.

मी मागे बसून त्या दोन पांढऱ्या डोक्यांकडे बघत राहिलो. पुष्कळच असोत, असं मला फार फार वाटलं.