आडनावापुरती माया

लातूरच्या शेअर ऑटोत अनोळखी माणसं आधी मांडीला मांडी लावून बसतात आणि मग चौकशी सुरू करतात. वीज कार्यालयात नोकरी करणाऱ्या बुद्धप्रियाला या चौकशीखोरांचा मनस्वी तिटकारा होता. मेल्यांना माणसाचं नाव नकोच असतं, आडनाव पाहिजे असतं. त्यावर माणूस तोलायचा आणि मग बोलायचं का तोंड फिरवायचं, ते ठरवायचं.

त्या दुपारी गंजगोलाईत ऑटोत चढलेल्या धोतरवाल्या म्हाताऱ्यानं बूड टेकायच्या आधीच विचारलं, "आडनाव काय म्हणलाव, बाई?"

"सूर्यवंशी."

म्हातारा एकदम खुलला. सूर्यवंशी अनेक जातींत असतात, हे त्याच्या टाळक्यात आलंच नाही. "मंग तू आपल्यातलीच की! इकडं सरक लेकी, ऊन लागायलंय तुला." त्यानं पिशवीतला पेरू तिच्या हातावर ठेवला, नातवासाठी एखादं स्थळ हाय का म्हणून विचारलं, आणि घरच्या हक्कानं तिचीच बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी प्याला.

मग मिशा पुसत म्हणाला, "अन् नाव काय गं माय तुजं?"

"बुद्धप्रिया."

म्हातारा एकदा बाटलीकडं बघायला लागला, एकदा पेरूकडं. मग त्याचा थांबा आला नसताना "थांबीव रं" म्हणून घाईनं उतरला.

"मामा," पेरूचा लचका तोडत बुद्धप्रिया म्हणाली, "नाव आधी विचारायचं असतं. आता पाणी तर पोटात गेलं."