बहुधा सर

'नक्की' हा शब्द सरांनी आयुष्यात कधी वापरला नसावा. चहा घेणार का विचारलं, तरी "बहुधा घेईन" म्हणायचे आणि दोन कप प्यायचे. अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत त्यामुळे त्यांचं नावच बहुधा सर पडलं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते.

सोसायटीच्या फाटकाशी सुविचारांचा फळा होता. 'प्रयत्न करा, यश मिळतेच' हे वाचलं की सरांचं डोकं उठायचं. "मिळतंच? यांना कुणी सांगितलं?" शेवटी त्यांनी सेक्रेटरींकडून खडूच मागून घेतला आणि रोज सकाळी मनाविषयी चार ओळी लिहायला लागले. राग का येतो, मूल खोटं का बोलतं, एकदम दोन कामं केली की दोन्ही का बिघडतात. लिहून झालं की वॉचमनला विचारायचे, "काय कळलं, सांगा बरं." त्याला कळलं नाही, तर पुसून पुन्हा लिहायचे.

कोपऱ्यावरचे कापडवाले सिंधी शेठ त्यांचे जुने विद्यार्थी. ते चिडवायचे, "सर, मैं गिऱ्हाईक को बोलूँ, रंग शायद नहीं जाएगा, तो माल कौन लेगा?"

"म्हणून तर मी दुकान टाकलं नाही रे," सर हसायचे. "मनाची ग्यारंटी कोण देणार?"

मी रोज फळ्याचा फोटो काढायचे आणि मजकूर टाइप करून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे. सरांचा फोन साधा, त्यामुळे ग्रुपवर काय जातं ते त्यांना दिसत नसे. एकदा मी म्हटलं, "सर, एवढं वाचायला लोकांना वेळ नसतो." ते म्हणाले, "मग निम्मं वाचू देत. आपण निम्मं लिहायचं नाही." मला ते हेकट वाटलं. मी गुपचूप काटछाट करू लागले. 'बहुधा' तर आधी उडवायचे. अंगठे वाढले, आणि मी खूश.

एका सकाळी सरांनी लिहिलं होतं, 'दुःख म्हणजे आजार नव्हे. आपलं माणूस गेलं की रडू येणारच. बहुधा ते हळूहळू ओसरतं.' खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. 'पण आठवडे उलटूनही झोप-भूक परतली नाही, तर डॉक्टरांना भेटा. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका.' या दोन ओळी मी कापल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या मोहितेवहिनींचा भाऊ गेल्यापासून त्यांना उदासीच्या गोळ्या चालू होत्या. तो मेसेज वाचून त्यांनी गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं.

वहिनींचे यजमान मोहितेभाऊ फोन घेऊन सरांच्या दारात आले, तेव्हा मी तिथेच बसले होते. "सर, हे तुमीच लिवलंय ना? आजार नाय म्हणून?"

सरांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग एकदाच माझ्याकडे पाहिलं. "हो, माझंच आहे. अर्धं गेलं. चुकलं माझं."

फळा केव्हाच पुसला गेला होता. पूर्ण मजकुराचा फोटो फक्त माझ्याकडे होता, हातातल्या फोनमध्ये. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'दुःखाविषयी माझ्याकडून अर्धंच सांगितलं गेलं. चूक माझी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.' त्यानंतर सरांनी खडू परत केला. सुविचार पुन्हा सुरू झाले. वहिनी पुढे बऱ्या झाल्या. त्या घरी आल्यावर सर कितीतरी दिवस रोज त्यांची विचारपूस करायला जायचे. मला मात्र त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

मी बदलापूरला, शिरगावात राहायला गेले. या रविवारी जाऊन सरांना सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं करता करता गेल्या वर्षी सर गेले.

शोकसभेत मोहितेवहिनी म्हणाल्या, "सरांचं एकदा चुकलं, पण माणूस देवासारखा होता." माइक माझ्याकडे आला. सर किती सोपं लिहायचे, एवढंच बोलून मी खाली बसले. त्या दिवशीही निम्मंच.

फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. शेवटच्या दोन ओळी बारीक आहेत, पण स्वच्छ वाचता येतात. सरांनी पूर्ण लिहिलं होतं, वहिनी. कापलं मी. बहुधा नव्हे, नक्की.