चार कॅमेरे आणि सलीमभाईंची भिंत

आमच्या ग्रुपकडे फोटोंपेक्षा किस्से जास्त आहेत. कार्ड भरलं की फोटो डिलीट करतो, किस्से कुठे डिलीट करणार!

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रकाश लग्नाचे फोटो काढून पोट भरतो. सलीमभाई जळगावातले टेलर. आणि धुळ्याचे नाना, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. एक रविवार जळगाव, एक रविवार धुळे. रस्त्यावर हिंडायचं, ऊन-सावली टिपायची, फक्त ब्लॅक अँड व्हाइट. दिवाळीआधी धुळ्यात प्रदर्शन. फोटो निवडणार नाना, आणि त्यांच्यापुढे अपील नाही! तीन वर्षांत सलीमभाईंचा एकही फोटो भिंतीवर लागला नव्हता. तो लागेपर्यंत हा माणूस थांबणारही नव्हता.

*

पहिल्या वर्षी सलीमभाईंनी चाळीस फोटो आणले. नाना भराभर बघत एका फोटोवर थांबले. सायकलवाला, त्याची लांब सावली, सगळं जागच्या जागी. सलीमभाई श्वास रोखून उभे.

नाना म्हणाले, "सलीम, हाऊ फोटो नई. हाऊ पंचनामा शे!"

आम्ही हसलो. सलीमभाईंनी शांतपणे चाळीसही फोटो पिशवीत भरले. "कोई बात नहीं, नाना. अगला इतवार है ना!"

*

फैजपूरला केळीचा ट्रक भरला जात होता. घडांवर तिरपं ऊन आलेलं. सलीमभाईंनी झकास फोटो काढला आणि कौतुकाने मालकालाच स्क्रीनवर दाखवला.

मालकाचा चेहरा पडला. "अरे भाऊ, माह्या केयीचा हिरवागार माल काया करी टाकला की रे तू! व्यापाऱ्याले दाखवू नको!"

*

प्रकाशलाही या नादाचा फटका बसला. एका हळदीचे सगळे फोटो त्याने ब्लॅक अँड व्हाइट करून दिले. कलाकार ना! नवरीच्या आईने अल्बम उघडला, चार पानं उलटली आणि विचारलं, "भाऊ, आमच्या पोरीला हळद लावली होती का राख?"

त्या दिवसापासून प्रकाश आधी रंगीत फोटो देतो, मग कलाकार होतो.

*

आता माझा गाढवपणा सांगतो. मे संपत आला होता. मी ग्रुपवर मेसेज टाकला : "रविवारी भर दुपारी मेहरूणच्या रस्त्यावर. कडक ऊन, कडक सावल्या!" नाना धुळ्याहून जळगावला आले. साडेबाराला कॅमेरे काढून बघतो तर खांबाला सावली नाही, झाडाच्या खोडाला नाही, आम्हालाही नाही! नेमका त्याच दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर होता. शून्य सावलीचा दिवस. दर वर्षी मी तो वर्गात शिकवतो!

नाना म्हणाले, "मास्तर, पोरेसले बी असंच शिकाडतस का?"

आम्ही तिघं उसाचा रस प्यायला पळालो. सलीमभाई हलले नाहीत. डोक्यावर ओला रुमाल टाकून तासभर तिथेच उभे. परत आले तेव्हा चेहरा लालबुंद. "मिला क्या कुछ?" प्रकाशने विचारलं. त्यांनी आधी दोन ग्लास रस संपवला.

*

त्याच वर्षी प्रदर्शनाच्या दिवशी सलीमभाई जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एकच फोटो घेऊन आले. हॉलला खिळे बारा आणि बाराही भरलेले. तेराव्याला हॉलवाल्याची सक्त मनाई.

नानांनी फोटो हातात घेतला. तोच रस्ता, तीच दुपार. पांढऱ्याफटक उन्हात एक बोहारीण चाललेली. डोक्यावरच्या पाटीत भांडी नुसती लखलखताहेत. आणि अख्ख्या रस्त्यावर सावली एकच, त्या पाटीची. काळीभोर, गोल. त्या गोलात ती बाई, जाईल तिथे आपली सावली आपणच घेऊन चाललेली.

नाना फोटो घेऊन भिंतीशी गेले. पहिल्या खिळ्यावरचा फोटो त्यांनी उतरवून दाराजवळच्या खुर्चीत ठेवला आणि म्हणाले, "सलीम, टांग."

सलीमभाईंनी घाईघाईत टांगला. फोटो वाकडा लागला. सरळ करायचं भान आम्हालाही राहिलं नाही.

संध्याकाळी गर्दी झाली. नाना दाराजवळच्या त्याच खुर्चीत बसलेले. त्यांचा एक जुना विद्यार्थी भिंतभर हिंडून आला. "नाना, सगळे फोटो बघितले. तुमचा कुठे आहे?"

नाना जागचे हलले नाहीत.

"त्यानावरच बठेल शे मी!"